विभूती लावलेली डिस्क

आमच्या धंद्यात खोटं बोलायची पाळी सहसा येत नाही. ‘असू शकतं’ एवढं म्हणता आलं की भागतं.

गिऱ्हाईक विचारतं, व्हायरस आला असेल का? असू शकतं. लाइटीच्या झटक्यानं झालं का? असू शकतं. काल आमच्या मेहुण्यानं काहीतरी दाबलं होतं, त्यानं झालं असेल का? असू शकतं. नांदेडला ज्यांच्या दुकानात मी हे काम शिकलो, त्या उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर हातात द्यायच्या आधी मला हा शब्द दिला. म्हणायचे, “कदम, हाव बोलला तर फसला, न्हाई बोलला तरी फसला. असू शकतं बोल आन् काम कर.” उस्ताद माणूस चांगले, हाताला कसब होतं. मी बरीच वर्षं त्यांचा शब्द पाळला. मग एका दसऱ्याला उदगीरमध्ये तो माझ्याकडून सुटला. ‘कामातले अनुभव लिहा’ असा संपादकांचा निरोप आल्यावर मला त्या दसऱ्याशिवाय दुसरं काही आठवेना.

मी बोलणारा माणूस नाही. आमच्या घरातला फ्रिज माझ्यापेक्षा जास्त आवाज करतो असं वैशालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे. त्यामुळे लिहिलेलं जरा अडखळत जाईल, ते चालवून घ्या.

मी सर्व्हर सांभाळतो. राहतो नांदेडला, पण कामं लातूर, उदगीर, निलंगा, मुरुड अशी पसरलेली. दवाखाने, लॅबा, कोचिंग क्लास, कृषी केंद्रं. नांदेडच्या एका क्लासचे मालक सर्व्हरला ‘सरोवर’ म्हणतात. “कदमसाहेब, आमचं सरोवर आटलं” असा त्यांचा फोन आला की मी पिशवी उचलतो. निलंग्याच्या एका कृषी केंद्रवाल्यानं थंडीच्या दिवसांत मशीनवर घोंगडी पांघरली होती. मशीन तापून बंद पडलं. मी घोंगडी काढली, पंखा मोकळा केला, मशीन चालू झालं. त्यानं विचारलं, “लई गारठलं हुतं का हो?” मी म्हणालो, असू शकतं. त्याचं समाधान झालं, मीही निलंग्याच्या स्टँडवर जाऊन निवांत भजी खाल्ली.

आता जरा कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पूर्वी एका कामाला एक मशीन लागायचं. आता एकच दणकट मशीन घेतात आणि त्याच्या पोटात चार-पाच मशीनं मानतात. एक नोंदणीचं, एक रिपोर्टांचं, एक फोटोंचं. ही पोटातली मशीनं खरी नसतात, पण वागतात खऱ्यासारखी. भाडेकरूच समजा. त्यांना लाइट, पाणी, जागा देणारा जो घरमालक असतो त्याला हायपरव्हायजर म्हणतात. सकाळी घरमालक उठला नाही तर एकाही भाडेकरूचं दार उघडत नाही.

हा घरमालक आणि त्याचे भाडेकरू जिथे राहतात ती डिस्कवरची मांडणी मी झेडएफएस नावाच्या पद्धतीनं करतो. पद्धत फार हुशार आहे. दोन डिस्का असतात आणि प्रत्येक गोष्ट दोन्हींवर लिहिली जाते. लिहिताना प्रत्येक पानाला खूण केली जाते. वाचताना खूण जुळली नाही तर हे पान खराब झालं हे पद्धतीला आपोआप कळतं आणि ती दुसऱ्या डिस्कवरचं चांगलं पान आणून तिथे लावते. एक डिस्क मेली तर दुसरीवर सगळं चालू राहतं. मेलेलीच्या जागी नवी बसवली की जुनीवरचं सगळं नवीवर उतरतं.

सगळं म्हणजे, एक सोडून सगळं. मशीनचं बटण दाबल्यावर घरमालकाला हाक मारून उठवणारा एक छोटा चौकीदार लागतो. हुशार मांडणीतलं काही त्या चौकीदाराला वाचता येत नाही, म्हणून त्याची खोली मांडणीच्या बाहेर, डिस्कच्या एका कोपऱ्यात वेगळी बांधतात. बाहेर राहतो म्हणून ती हुशार पद्धत त्याच्याकडे बघतही नाही. नवी डिस्क बसवली की आधी त्याच्यासाठी कोपरा राखायचा, मग बाकीची जागा मांडणीला द्यायची, आणि चौकीदाराला स्वतःच्या हातानं नेऊन बसवायचं. हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. मलाही माहीत होतं.

उदगीरला एक पॅथॉलॉजी लॅब आहे. मोठ्या डॉक्टरांनी एका सूक्ष्मदर्शकावर सुरू केलेली, आता त्यांचे चिरंजीव डॉ. ओंकार चालवतात. ओंकार डॉक्टर हुशार, शिस्तीचे, चिडले तरी आवाज न चढवणारे. आणि तिथे आहेत अप्पा. अप्पा मोठ्या डॉक्टरांच्या वेळेपासूनचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, खिशाला पेन. लॅब उघडणं, रांग लावणं, आलेल्या माणसाचा चेहरा बघून त्याला बसायला खुर्ची द्यायची का पाणी द्यायचं हे ठरवणं, ही त्यांची कामं. त्यांची बायको वारलेली, मुलं पुण्याला. सकाळी घरातून निघायला त्यांना लॅब होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अप्पा लॅबमधल्या प्रत्येक यंत्राची पूजा करायचे. पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शक होता, मग एकेक मशीन वाढत गेलं, तशी पूजाही वाढत गेली. मोठ्या डॉक्टरांनी तो मान त्यांना दिला होता, ओंकार डॉक्टरांनी काढून घेतला नव्हता. सर्व्हर मात्र त्यातून सुटलेला होता. तो चोवीस तास चालू, आणि चालू यंत्राची पूजा करत नाहीत असं अप्पांचं म्हणणं. यंत्राला विसावा देऊन मग पूजा.

त्या वर्षी उन्हाळ्यात सर्व्हरच्या वरच्या खणातली डिस्क गेली. मी नवी घेऊन गेलो. मशीन बंद न करता डिस्क बदलता येते, तशी बदलली. लॅबमध्ये गर्दी होती, डॉक्टरांना मशीन बंद नको होतं. मी नवी डिस्क अख्खी मांडणीला देऊन टाकली आणि उतरवणं सुरू केलं. अर्धंअधिक उतरल्यावर लक्षात आलं की चौकीदाराचा कोपरा राखलाच नाही. आता बरोबर करायचं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. मला संध्याकाळी निलंग्याला मेहुणीच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला करू. खालच्या डिस्कवर एक चौकीदार आहेच की.

पण त्या जुन्या मशीनला एक खोड होती. ते चौकीदार शोधायचं फक्त वरच्या खणात. ही खोड मला माहीत नव्हती असं आज लिहिता आलं असतं, पण माहीत होती.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, “एकदा बंद करून चालू करून बघायचं का, कदमसाहेब?”

“गरज नाही,” मी म्हणालो. “दोन्ही डिस्का ठणठणीत आहेत.”

ते खरं होतं. पडद्यावर दोन्हींपुढे तसंच लिहून आलं होतं. मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर मशीननं दिलं होतं.

पुढच्या खेपा झाल्या. दर खेपेला म्हटलं, आज करू, आणि दर खेपेला काहीतरी निघालं. खरं सांगायचं तर काही निघत नव्हतं. ते करायचं म्हणजे डॉक्टरांना सांगावं लागणार होतं की उन्हाळ्यात अर्धवट ठेवलं होतं. मशीन चालूच होतं, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. रात्री लाइट गेली की मात्र मी उठून बसायचो. नांदेडची लाइट गेली म्हणून उदगीरची गेलेली नसते, हे कळत असूनसुद्धा.

दसऱ्याला सकाळी अप्पांचा फोन आला.

“शरणार्थ, कदमसाहेब. मशीन उठंना.”

“कुठलं मशीन, अप्पा?”

“मोठं. सरवर. काल लॅब लवकर बंद झाली, म्हनून औंदा त्यालाबी विसावा देलो. तुमी शिकवलं तसंच, बटन एकदाच दाबलो, समदे दिवे जाईपर्यंत थांबलो. पूजा केलो. आज दाबतोय तर काळ्या पडद्यावर चार अक्षरं येतेत आन् बसतंय तसंच.”

“बूट होत नाही म्हणा की.”

“बूट तर आमी समदे भाईरच काढतो, साहेब. तुमीच सांगिटलं हुतं, धूळ जातीय म्हनून.”

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी फोन ठेवला आणि स्टँड गाठला.

मुखेडवरून जाणारी उदगीरची एसटी धरली. सणाचा दिवस, गाडीत झेंडूच्या टोपल्या, आपट्याच्या पानांचे भारे. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत पेनड्राइव्ह. शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता, मी हाव हाव म्हणत होतो. काय विचारत होता ते आजही माहीत नाही.

लॅबमध्ये पोचलो तर डॉक्टर स्वतः दारात. दुसऱ्या दिवशी मोठी ओपीडी होती, सोलापूरहून गाठींचे, म्हणजे कॅन्सरचे, डॉक्टर येणार होते, आणि त्यांना प्रत्येक पेशंटचा आधीचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघायचा असतो. ते सगळे रिपोर्ट आत, उठत नसलेल्या घरमालकाच्या भाडेकरूंकडे. वेगळ्या पेटीत जुनी प्रत होती, पण तिच्यावरून नवीन घर उभं करायला काही दिवस गेले असते.

मशीनच्या खोलीत गेलो. मशीनच्या कपाळावर झेंडूचं फूल, आणि समोरच्या दोन्ही डिस्कांच्या खणांवर विभूतीचे तीन-तीन पट्टे. बारीक, सरळ, एकसारखे.

“डिस्का काढून पुसल्यात त्यांनी,” डॉक्टर माझ्या मागून म्हणाले. “काढून. आणि राख लावून परत बसवल्यात.”

अप्पा दाराशी उभे होते. “एकेकच काढलो, दादा. एक बसवल्यावर दुसरी. मिसळ हुनार कशी?” ओंकार डॉक्टरांना ते लहानपणापासून दादा म्हणतात.

मी बघितलं. वरच्या खणात नवी डिस्क, खालच्या खणात जुनी. जिथली तिथे. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की चालू होण्याजोगी डिस्क सापडली नाही. मला त्याच क्षणी सगळं कळलं. शोधायचं असं काही उरलं नव्हतं. अप्पांनी विभूती लावली नसती, फूल ठेवलं नसतं, डिस्कांना हातही लावला नसता, नुसतं मशीन बंद केलं असतं, तरी ते उठलं नसतं. उन्हाळ्यापासून ते बंद व्हायचीच वाट बघत होतं.

“राख आत गेली असणार. त्यानंच झालं असेल ना, कदमसाहेब?” डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, “असू शकतं.”

तोंडातून गेलं. विचार करून म्हणालो असतो तर निदान माझ्याकडे काही कारण असतं.

डॉक्टर अप्पांकडे वळले. आवाज चढला नाही. “अप्पा, बाबांच्या वेळचं वेगळं होतं. आता हे आपल्याला झेपणारं नाही. दिवाळीपर्यंत या. नंतर घरी आराम करा.”

अप्पांनी त्या फुलाकडे बघितलं. मग “हाव” म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. पेशंट बसतात त्या बाकावर. अप्पांना मी त्या बाकावर बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

खोलीत मी एकटा. मला नांदेडच्या एका क्लासमधली सुनीता आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तिथे ऑपरेटर होती. प्रवेशाची सगळी माहिती उडाली होती, माझ्याच एका आळसानं, आणि मालकांनी मला विचारलं, “हिनं पेनड्राइव्ह लावला, त्यामुळे झालं का?” मी तेच दोन शब्द म्हणालो. पुढच्या खेपेला तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी होती. मी विचारलं नाही. तिचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि इतक्या वर्षांत मी शोधलंही नाही. यावर लिहिण्यासारखं एवढंच आहे. ते माझ्याकडेच राहणार.

मी कामाला लागलो. आधी पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, म्हणजे घरमालकाला न उठवता बाहेरचा माणूस आत पाठवून घर बघून घेतलं. मांडणी उघडायला थोडी जबरदस्ती करावी लागली, पण उघडली. सगळे भाडेकरू जागच्या जागी. रिपोर्ट, फोटो, नोंदी, कशाला धक्का नाही. मी खुर्ची ओढून बसलो.

मग मशीन बंद केलं आणि दोन्ही डिस्कांची अदलाबदल केली. जुनी वर, नवी खाली. मांडणीला त्यानं फरक पडत नाही, कोणती डिस्क कोण हे तिनं डिस्कांवरच लिहून ठेवलेलं असतं. वरच्या खणात आता चौकीदार होता. बटण दाबलं. चौकीदार सापडला, त्यानं हाक मारली, पडदा पळायला लागला, आणि मध्येच थांबला. मांडणी उघडायला नकार. कारण काय, तर ती दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे.

दुसरं कोण? मीच. मघाशी पेनड्राइव्हवरून उघडली, आणि घाईत ताबा न सोडताच मशीन बंद केलं. आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला नको. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव राहिलं तर खरा मालकही शेतात पाय ठेवू शकत नाही. इतका घाबरलो होतो तरी मला हसू आलं. सकाळपासून जिथे बघावं तिथे माझंच नाव.

ताबा सक्तीनं परत घरमालकाला दिला, पुढे जा म्हणून सांगितलं. पडदा पुन्हा पळाला. घरमालक उठला. एकेक भाडेकरू उठला. बाहेर नोंदणीच्या टेबलावरच्या प्रिंटरनं आदल्या दिवशीचा अडकलेला रिपोर्ट आपण होऊन बाहेर टाकला, त्याचा आवाज खोलीपर्यंत आला.

डॉक्टर जवळजवळ धावत आले. टेबलाशी उभं राहून त्यांनी दोन-तीन जुने रिपोर्ट उघडून बघितले. मग मशीनकडे बघून हात जोडले आणि त्यांच्याच लक्षात आल्यावर खाली घेतले.

“राखच होती ना?”

उत्तर तयार होतं. मशीन चालू होतं, सण होता, माणूस खूश होता. नव्या डिस्कवरचा चौकीदार मी त्याच दुपारी गुपचूप बसवला असता आणि अप्पा दिवाळीला घरी गेले असते.

“नाही,” मी म्हणालो. “राखेचा काही संबंध नाही. उन्हाळ्यात डिस्क बदलली तेव्हा मी एक काम अर्धवट ठेवलं. ते मला माहीत होतं. मशीन जेव्हा केव्हा बंद झालं असतं, तेव्हा हेच झालं असतं.”

डॉक्टर खुर्चीवर बसले. “मी विचारलं होतं तुम्हाला. बंद करून बघू का म्हणून.”

“विचारलं होतं.”

“आणि मघाशी तुम्ही असू शकतं म्हणालात.”

“म्हणालो.”

“का म्हणालात?”

“सवय,” मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं.

त्यांनी पडद्यावरचे रिपोर्ट एकेक करून बंद केले. मला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. त्याचं वाईट वाटत होतं, पण छातीवरून काहीतरी उतरलेलं होतं. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा मला नीट श्वास आला. मग डॉक्टर म्हणाले, “म्हणजे उद्या ओपीडीच्या मध्ये लाइट जाऊन, बॅटरी संपून हे बंद पडलं असतं, तरी असंच?”

“असंच. आज निदान सुट्टी होती.”

“म्हणजे अप्पांनी बंद केलं म्हणून सुट्टीच्या दिवशी कळलं.”

“हाव.”

ते उठून दाराशी गेले. अप्पा बाकावरच होते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची माफी कशी मागायची हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. शेवटी ते म्हणाले, “अप्पा, चहा सांगता का?”

अप्पा उठले. सदरा झटकला. “किती सांगू, दादा?”

डॉक्टरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

“तीन,” ते म्हणाले.

अप्पांनी आतल्या चौकशा केल्या नाहीत. चहा आल्यावर माझ्या हातात कप देताना हळूच म्हणाले, “खिडकी उघडीच असतीय, साहेब. समदं आयकू येतंय. तुमी असू शकतं म्हनले तवा मला वाटलं, मिटलं. तुमच्या शबुदावर दादाचा लई भरवसा हाय.”

मी एक घोट घेतला. मग म्हणालो, “अप्पा, एक सांगू का? तुमच्याकडून चुकून डिस्कांची अदलाबदल झाली असती ना, तर मशीन सकाळीच उठलं असतं. तुम्ही नीट जिथली तिथे बसवलीत म्हणून उठलं नाही.”

अप्पांनी विचार केला. “म्हंजी मी चुकलो असतो तर बरूबर झालं असतं?”

“हाव.”

“मग फुडल्या साली चुकून बघू का?”

चहा डॉक्टरांच्या नाकात गेला. ते खोकत खोकत आत निघून गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात आपट्याची पानं होती. आधी अप्पांना दिली, वाकून पाया पडले. दिवाळीनंतरच्या आरामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच दुपारी नवी डिस्क मांडणीतून काढली, कोपरा राखला, चौकीदार बसवला आणि पुन्हा सगळं उतरवायला लावलं. उतरून होईपर्यंत हललो नाही. अप्पांच्या घरून आलेली पुरणपोळी तिथेच मशीनपुढे बसून खाल्ली.

पुढचे काही आठवडे मी नांदेड-लातूर पायाखाली घातलं. जिथे जिथे माझ्या हातची मांडणी होती तिथे जाऊन, आधी सांगून, मशीन बंद करून बघितलं. आणखी दोन ठिकाणी हाच घोटाळा निघाला. त्यातल्या मुरुडच्या बियाणेवाल्या शेठना मी सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चालू हाय नव्हं? मग हे मला कशाला सांगायलात? माझी उगंच झोप उडवली की हो तुमी.” मी म्हणालो, माझी परत आली. त्यांना ते कळलं नाही. वैशालीला कळलं. ती म्हणते, उदगीरहून आल्यापासून मी घोरायला लागलो, आणि फ्रिजचा आवाज आता ऐकू येत नाही.

तेव्हापासून माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एक नियम आहे. खंडेनवमीच्या आसपास मशीनला विसावा द्यायचा. बंद करायचं, एक डिस्क काढून उठतं का बघायचं, मग ती लावून दुसरी काढून बघायचं. धंद्यातल्या पुस्तकांत हे लिहिलेलं असतं, पण चालू मशीन बंद करायला कुणी तयार होत नाही. पूजेसाठी म्हटलं की सगळे तयार होतात. नांदेडचे क्लासवाले तर सरोवराला नारळ फोडतात. मशीनपासून लांब फोडा, एवढंच मी सांगतो.

उदगीरची खंडेनवमी मी स्वतः गाठतो. गेल्या वर्षीही गेलो होतो. अप्पा आता थोडे वाकलेत, पण पट्टे तसेच सरळ ओढतात. मशीन बंद केलं, पूजा झाली, मी वरची डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि खालची तिच्या खणात सरकवली. डॉक्टर मुद्दाम काम टाकून बघायला आले होते. मी बटणावर बोट ठेवलं तसं त्यांनी विचारलं, “उठेल ना हो?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, “असू शकतं.”

तिघंही हसलो. मी म्हणालो, उठेल, आणि बटण दाबलं. आम्ही पडद्याकडे बघत उभे राहिलो. पडदा पळाला, घरमालक उठला, बाहेर प्रिंटर एकदा खाकरला. अप्पांच्या बोटांना थोडी विभूती उरली होती. ती कुठे पुसावी म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग माझ्या कपाळावर ओढली. मी मुखेडपर्यंत तिला हात लागू दिला नाही.